खालच्या काकूंना, पहिल्या मजल्यावरून

काकू, सा. न. वि. वि.

समोर येऊन आभार मानले असते तर तुम्ही "पुरे रे" म्हणत चहा टाकायला उठला असतात. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

जूनमध्ये बालवाडीतून दुसऱ्यांदा फोन आला. चिरंजीवांनी एका मुलीच्या दंडाला चावा घेतला होता. "घरी लक्ष द्या," एवढंच सांगितलं गेलं. घरी काय चालायचं ते तुम्हाला ठाऊक होतंच. आपल्या बिल्डिंगच्या भिंतीच तशा.

तुम्ही पोराबद्दल चकार शब्द काढला नाहीत. विचारलंत, "अरे, हिंजवडीहून आल्यावर तू गाडीची किल्ली ठेवतोस की आपटतोस? मला खाली ऐकू येतं." आणि शंभर पानी वही हातात दिलीत. एका बाजूला माझी यायची वेळ आणि किल्ली, दुसऱ्या बाजूला त्याचं मारणं, चावणं, फेकणं. खरं सांगतो, राग आला होता. चावणार तो आणि वही माझ्याकडे?

दोन आठवड्यांत अकरा नोंदी झाल्या. त्यातल्या आठ किल्ली आपटल्यावर पंधरा मिनिटांच्या आतल्या. पण उलटंही दिसलं. सकाळी त्यानं बूट फेकून मारला की संध्याकाळी मी पार्किंगमध्ये गाडी बंद करून नुसता बसायचो, वर जायचं जिवावर यायचं. सुरुवात कुणाची, ते वहीतून काही ठरेना.

तुम्ही म्हणालात, दोन-तीन वर्षांची पोरं सगळ्यात जास्त मारतात, बोलायला लागली की बहुतेकांचं कमी होतं. "याला चार वर्षं झाली तरी 'मला राग आलाय' म्हणता येत नाही. आणि तुला तरी कुठे येतं?" हे लागलं.

नंतर वाचलं, जेराल्ड पॅटरसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये हेच चक्र सविस्तर मांडलं होतं. मूल किंचाळतं, आपण त्याच्यावर आवाज चढवतो, शेवटी कुणीतरी माघार घेतं. माघार घेतली की घर शांत होतं, आणि जिंकणारा शिकतो की आवाज चढवला की काम होतं. आमच्याकडे बिस्किटाच्या पुड्यावरून हे रोज व्हायचं.

आता दाराशी किल्लीसाठी खिळा ठोकलाय, तो आवाजही आला असेल खाली. पार्किंगमधली दहा मिनिटं तुमच्या सांगण्यावरून मुद्दाम चालू ठेवलीत. चावणं थांबलंय, परवा मात्र चमचा बसला कपाळाला. वहीची बारा पानं माझी, पुढच्या पानांवर त्यानं जेसीबी काढलेत. परत हवी असेल तर तशीच मिळेल.