आधी तिकिटं, मग पत्र

बोलोन्या,
रविवार, रात्र

ती. बाबा व आई यांस,
सा. न. वि. वि.

सकाळी फोन ठेवताना आई नुसतं "बरं" म्हणाली. ते "बरं" मी ओळखते. मी हॉस्टेलला निघाले तेव्हा म्हणाली होतीस, दादाच्या वेळीही म्हणाली होतीस. म्हणून हे पत्र. फोनवर माझं तोंड चालतं, पण मुद्द्याचं राहून जातं.

मुद्दा असा की करारावर सही केली आहे. आणखी तीन वर्षं. तुम्हाला विचारायला हवं होतं, मान्य. पण विचारलं असतं तर बाबा "तुझं तू बघ" म्हणाले असते, आईने देवापुढे बसून घेतलं असतं आणि माझ्याच्याने सही झाली नसती. चहाच्या पुड्या, गोळ्या, चॉकलेटं बांधायची यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या या शहराभोवती एकमेकींना खेटून आहेत. मला जे काम येतं ते इथल्याइतकं कुठे नाही. पगाराचं सांगितलंच आहे. गच्चीचं वॉटरप्रूफिंगही त्यातूनच होईल... जाऊ दे. दोन वर्षांत परत येते म्हणाले होते, ते मोडलं. त्याला काही उत्तर नाही.

त्याच आठवड्यात आणखी एक केलं. तुमची तिकिटं काढली. 24 एप्रिल ते 20 मे. पैसे परत न मिळणारी. मुद्दाम तसलीच काढली.

आता आई म्हणणार, तिथे आम्ही खायचं काय? त्याचीच तयारी मी सहा महिने करते आहे. स्लो फूड नावाची इटलीतली एक संघटना आहे, ती 1990 पासून दरवर्षी खाणावळींचं एक गाईड काढते, 'ओस्तेरिये द'इतालिया'. विटेएवढं जाड. झगमगीत हॉटेलं त्यात नाहीत, बेताच्या पैशात तिथलंच अन्न नीट रांधणाऱ्या जागा आहेत, आणि फार आवडलेल्या जागेपुढे छोटी गोगलगाय छापतात. दर शनिवारी ते पिशवीत टाकून मी निघते आणि समासात पेन्सिलीने खुणा करते. 'बा' म्हणजे बाबांना चालेल, 'आ' म्हणजे आईला. बाबा, हसू नका. बँकेच्या बदल्यांत तुम्ही निळ्या डायरीत "बार्शी स्टँडमागे, वांगं तिखट, ताक मागावं लागत नाही" असं लिहायचात, ते मी दुपारी चोरून वाचायचे. माझं गाईड वाचन तिथूनच सुरू झालं.

तुमची डायरी जास्त उपयोगी होती, हेही सांगते. या गाईडात वाइनबद्दल चार ओळी असतात, पण खुर्चीला पाठ आहे का, बाथरूम तळघरात उतरून आहे का, हे कुठे नाही. लिहिणाऱ्यांचे गुडघे चांगले असावेत. ते मी जाऊन बघून आले.

चारच 'आ' निघाल्या आहेत, आई. खोटं कशाला सांगू. या शहराला 'ला ग्रासा' म्हणतात, म्हणजे गुटगुटीत, आणि ते नाव डुकराच्या जिवावर आहे. तोर्तेलिनी म्हणजे करंगळीच्या टोकाभोवती वळलेले चिमुकले मोदकच, पण आतल्या सारणात डुकराचं मांस, हॅम आणि मोर्तादेला, म्हणजे इथलं डुकराचं सॉसेज. ते सारण 1974 साली इथल्या व्यापारी मंडळात नोंदवून ठेवलंय. वरून ज्या रश्श्यात सोडतात त्यात कोंबड्याबरोबर गाईचंही मांस शिजवतात, म्हणजे बाबाही गेले. शहराचं नाव जगभर घेऊन गेलेला तो रागू, म्हणजे पास्त्यावरचा मांसाचा रस्सा, त्यातही तेच. बाबांना मोर्तादेला चालेल, गोव्याला खाल्लंत त्या जातीचं आहे. (आई, ही ओळ वाचू नकोस.) पुरीसारखं फुगलेलं दिसेल ते क्रेशेंतिने. दिसलं म्हणून हात घालायचा नाही, पुष्कळ ठिकाणी चरबीत तळतात.

आणि एक कबुली. मागच्या श्रावणात मी पार्मिजानो चीजचा तुकडा आणला होता आणि "नुसतं दूध आहे गं" म्हणून तुझ्या भाजणीच्या वड्यांवर किसला होता. नुसतं दूध नाही. ते विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट घालतात, नियमानेच. मला इथे दुकानदाराने सांगितलं तेव्हा मी दहा मिनिटं बाकावर बसून राहिले. तुला ठाऊक नव्हतं, त्यामुळे तुला काही लागत नाही, जे काय असेल ते माझ्या खाती. आजी गेल्यापासून तू किती पाळलंयस ते मला माहीत आहे. रागव, पण जेवण सोडू नकोस.

म्हणून एक क्लास लावला. इथे पिठाची पोळी लाटणाऱ्या बायकांना स्फोलिना म्हणतात. माझी बाई सत्तरीची, लाटणं तिच्या हाताएवढं लांब, आणि पोळपाट म्हणजे अख्खं टेबल. शंभर ग्रॅम मैद्याला एक अंडं (केकातलं तू मोजत नाहीस, त्याच हिशोबाने बघ). मी लाटलेली पोळी तिने दोन्ही हातांनी उजेडात धरली आणि मान हलवली. त्यातून टेकडीवरचं सान लूकाचं चर्च दिसलं पाहिजे, अशी इथली म्हण आहे. माझ्यातून खिडकीसुद्धा दिसेना. मग मी लाटणं फिरवताना तू चिरोट्यांना करतेस तसं कडेकडेने सैल सोडलं, तेव्हा तिने माझ्या मनगटाकडे बघितलं आणि विचारलं, हे कुणी शिकवलं? म्हटलं, शिकवलं नाही, मी ओट्याखाली बसून बघायचे. तुझ्यासाठी पालकाचं सारण भरून मी घरीच करीन, चीजशिवाय.

बाहेर एक जागा मात्र तुम्हा दोघांसाठीच असावी अशी आहे. ओस्तेरिया देल सोले, बाजाराच्या गल्लीत, 1465 पासूनची. तिथे फक्त प्यायला मिळतं, वाइन वगैरे, जेवण ज्याने त्याने आपलं आणायचं. मी डबा नेला. घडीच्या पोळ्या, बटाट्याची भाजी, लसणाची चटणी. शेजारच्या म्हाताऱ्यांनी कागदात मोर्तादेला उलगडला होता, त्यातल्या एकाने पोळी मागून घेतली आणि चटणी खाऊन पेला रिकामा केला. समासात तिथे 'बा' आणि 'आ' दोन्ही आहेत. बाबांनी एकच ग्लास. डॉक्टरांना विचारून.

गोडाचं: तांदळाचा केक, तोर्ता दि रीझो. तांदूळ, दूध, बदाम, अंडं, आणि तुकडे शंकरपाळ्यासारखे कापलेले. आईला खांडवीची आठवण येईल. बाबांना एक तुकडा. एकच, आणि मी मोजणार आहे.

गुडघ्याची काळजी नको. या शहरात फुटपाथवर छपरं आहेत, कमानींची, सगळी मिळून साठ किलोमीटरच्या वर. पाऊस पडो, ऊन पडो, सपाट फरशीवरून चालायचं. असिनेल्ली मनोऱ्याला 498 पायऱ्या आहेत, पण त्याच्या शेजारचा कललेला मनोरा 2023 पासून कुंपणात आहे आणि हाही बंद आहे, म्हणजे बाबांना चढायचा मोह नाही. सान लूकाला 666 कमानींखालून चढण आहे, आपण छोट्या गाडीने जाऊ. मे महिन्यात तिथली देवी, म्हणजे मेरीची तसबीर, खाली शहरात येते, आठवडाभर राहते आणि परत जाते. 1433 साली पाऊस थांबेना म्हणून आणली, तेव्हापासूनची रीत. आई, पालखी बघितल्यासारखं वाटेल तुला.

आता नीट ऐका. व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला दोघांना मुंबईला जावं लागेल, दादाला मी सांगितलंय. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा, एजंट कमीचा गळ्यात मारेल, घ्यायचा नाही. बाबांचं इन्सुलिन हातातल्या पिशवीत, बॅगेत टाकलं तर खाली गोठू शकतं. सोबत डॉक्टरांची इंग्रजीत चिठ्ठी. इथे रात्रीचं जेवण साडेसातच्या आधी मिळत नाही, म्हणून बाबांना सहाला घरी काहीतरी खावंच लागेल. बिलात माणशी दोन-तीन युरो 'कोपेर्तो' लावतात, ब्रेड न खाल्ला तरी. त्यावर भांडायचं नाही, बाबा. कुळीथ पीठ आणा, मेतकूट आणा. लोणचं नको, मागच्या वेळी बॅगेत फुटलं होतं. बरं, आणा. तीन पिशव्यांत बांधून.

थंडी अजून सकाळी असेल, स्वेटर आईचाही. "मला लागत नाही" चालणार नाही.

खिडकीजवळची जागा आईला दिली आहे. बाबा, तुम्हाला मधली, कारण उठायचं तुम्हालाच असतं.

आणि निळी डायरी घेऊन या. मागची पानं कोरी आहेत, मी बघितलीत.

तुमची,
मनी