मुलीस पत्र : आधी ब्रेक, मग इंजिन

प्रिय लेकीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. बारा वर्षे शेडमध्ये उभी असलेली आपली जुनी गाडी पुन्हा रस्त्यावर आणायचे तू मनावर घेतले आहेस, हे वाचून मी त्याच संध्याकाळी शेडचे दार उघडले, तिच्यावरचे कापड काढले आणि बराच वेळ तिच्याजवळ बसून राहिलो. मात्र तुझ्या पत्रातील एका वाक्याने मला अस्वस्थ केले. नवी बॅटरी घेऊन येते, पोहोचल्या दिवशीच इंजिन सुरू करू आणि संध्याकाळी एक फेरी मारू, असे तू लिहिले आहेस. बॅटरी अवश्य आण. पण इंजिन सुरू करणे हे या कामातले जवळजवळ शेवटचे काम आहे आणि फेरी त्याच्याही नंतरची. सुरुवात ब्रेकपासून करायची आहे, आणि तसे का, हे सांगण्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

तू फार लहान होतीस तेव्हा ही गाडी अशीच तीन वर्षे उभी होती. एका सकाळी मी कोणाची तरी बॅटरी मागून आणली, प्लग साफ केले, ताजे पेट्रोल घातले आणि दुसऱ्याच प्रयत्नात इंजिन चालू झाले. त्या आवाजाने मला इतका हुरूप आला की मी तुला आणि तुझ्या आईला गाडीत बसवून लगेच बाहेर काढले. पहिल्या दोन-तीन वेळा ब्रेक व्यवस्थित लागला. पुढे उतारावर पुन्हा पाय दिला, तेव्हा पेडल काहीही विरोध न करता थेट तळाला जाऊन टेकले. मी हँडब्रेक ओढला, गिअर खाली घेतला आणि गाडी रस्त्याकडेच्या मातीच्या बांधाला घासत नेऊन थांबवली. कोणाला खरचटलेदेखील नाही. डाव्या मडगार्डवरचा जो पोचा तू लहानपणी बोटाने चाचपायचीस, तो त्या दिवशीचा आहे. आम्ही तुला हे कधी सांगितले नव्हते.

नंतर चाक उघडल्यावर कारण सापडले. मागच्या एका व्हील सिलिंडरमधले, म्हणजे तेलाच्या दाबाने चाकाचा ब्रेक ढकलणाऱ्या छोट्या नळकांड्यातले रबर उभ्या-उभ्या कडक झाले होते आणि जोराचा दाब येताच त्याची कड फाटली होती. आपल्या गाडीत चारही चाकांच्या ब्रेकला तेलाची एकच लाइन आहे. नंतरच्या गाड्यांत दोन स्वतंत्र लाइन आल्या, त्यामुळे एक फुटली तरी दुसरीवर गाडी थांबते. आपल्या गाडीत मात्र एका चाकाचे चार आण्याएवढे रबर फाटले की चारही चाकांचे ब्रेक जातात. इंजिन बिघडले तर गाडी जागच्या जागी उभी राहते आणि फार तर खर्च होतो. ब्रेकचे तसे नाही.

गेल्या आठवड्यात मी शेजारच्या मुलाच्या मदतीने मागचे एक चाक काढून ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा ब्रेकचा डबा, उघडला. ड्रम सहज निघाला नाही. त्याला आतून घासून चाक थांबवणारे शू गंजाने चिकटून बसले होते आणि लाकडी हातोडीने कडेने हलके ठोके देत, फिरवत फिरवत तो सोडवावा लागला. सिलिंडरच्या टोकावरची रबरी टोपी स्क्रू-ड्रायव्हरने अलगद मागे सारली, तेव्हा आतून चहाच्या रंगाचा एक थेंब ओघळला आणि त्यामागे पिस्टनवर पांढरट, भुसभुशीत थर दिसला. बाहेरून पाहिले तर त्या चाकाजवळ गळतीचा एकही डाग नव्हता. म्हणून पेडल आज कडक लागते, एवढ्यावर तू विसंबू नकोस. चारही चाके, मास्टर सिलिंडर (पेडलला जोडलेला, तेलात दाब निर्माण करणारा) आणि ब्रेकचे तिन्ही रबरी होज उघडून पाहिल्याशिवाय काहीही ठरवायचे नाही. होज तर तपासत बसण्यापेक्षा नवेच घालायचे, कारण जुना होज बाहेरून चांगला दिसला तरी आतून फुगतो. मग दाब चाकापर्यंत जातो पण परत येत नाही आणि ब्रेक धरून राहतो. लोखंडी नळ्यांवर जिथे क्लिपा बसतात, तिथे खाली गंज चढलेला असतो, त्या जागा बोटाने फिरवून बघ.

ब्रेक ऑइल पूर्ण बदलावे लागेल, याचे कारणही लक्षात घे. हे तेल हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट ४ (DOT 4) प्रतीचे तेल नवे असताना किमान 230 अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरले की हीच मर्यादा 155 अंशांपर्यंत खाली येऊ शकते. उतारावर सतत ब्रेक लावल्याने चाके तापतात, ओले तेल उकळते, त्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जात असल्यामुळे पेडल पोकळ होते. आतून तेच पाणी सिलिंडरलाही गंजवते. तेलाचा डबा सीलबंदच घे, अर्धवट वापरलेला कोणी दिला तरी घेऊ नकोस. रबरांना इंजिन ऑइल किंवा साधे ग्रीस चुकूनही लावायचे नाही, त्याने ती फुगून निकामी होतात. तेल रंगावर सांडले तर लगेच भरपूर पाण्याने धुऊन टाक, नाहीतर रंग उठतो.

आणखी एक गोष्ट, जी त्या काळी मला कोणी सांगितली नव्हती. जुन्या ब्रेक लायनरमध्ये, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या थरात, अ‍ॅस्बेस्टॉस हा फुफ्फुसांना घातक पदार्थ असण्याची दाट शक्यता असते. ड्रममधली काळी धूळ हवेच्या पाइपने कधीही उडवू नकोस, तोंडाने फुंकरही घालू नकोस; मास्क लावून ओल्या फडक्याने टिपून घे आणि ते फडके पिशवीत बंद करून टाक.

सगळे जोडून ब्रेकच्या तेलातली हवा काढली की इंजिन बंद असतानाच पेडलवर घट्ट पाय ठेवून पूर्ण एक मिनिट मोज. पेडल जागेवर राहिले तर ठीक. ते हळूहळू खाली सरकत गेले आणि बाहेर कुठेच गळती दिसली नाही, तर मास्टर सिलिंडरचे रबर आतल्या आत दाब सोडत आहे असे समज आणि तो पुन्हा उघड.

हे सर्व करताना गाडी नुसत्या जॅकवर कधीही ठेवायची नाही. मजबूत घोड्या, म्हणजे गाडी पेलून धरणारे लोखंडी स्टँड लाव, त्या सांगाड्याच्या भक्कम भागाखाली लाव, आणि आत शिरण्याआधी गाडीला जोराने ढकलून बघ. आपल्या गाडीचे जॅक लावायचे कप्पे मला बाहेरून नीट दिसतात, पण वरच्या रंगाखाली पत्रा सडला आहे की काय याची खात्री नाही. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने टोचून बघ. टोक आत शिरले तर तिथे भार द्यायचा नाही. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे सांगाड्याशी जिथे जोड आहेत, त्या जागाही अशाच टोचून पाहा.

टायरांविषयी तू विचारले आहेस की नक्षी चांगली आहे, मग बदलायचे कशाला. टायरच्या बाजूवर DOT या इंग्रजी अक्षरांनंतरच्या खुणांच्या शेवटी चार आकडे असतात. आपल्या टायरवर 2211 असे आहे, म्हणजे ते 2011 सालच्या 22 व्या आठवड्यात बनले. स्टेपनीवर तर तीनच आकडे आहेत, म्हणजे ती 2000 सालापूर्वीची आहे. रबर न चालवताही म्हातारे होते. बाजूच्या भिंतीला बारीक चिरा पडतात आणि आतल्या पट्ट्यांची पकड सुटते. वेगात असे टायर थरांनी सोलून निघतात. पाचही टायर बदलायचे, त्यात काटकसर नको.

आता पेट्रोल. टाकीचे झाकण उघडून वास घेतला, तर तो पेट्रोलचा राहिलेला नाही, जुन्या वॉर्निशचा झाला आहे. पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि उरलेल्याचा चिकट राळेसारखा थर बनतो. तो टाकीतून पंपात, पंपातून पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरमध्ये जातो आणि जेट, म्हणजे तिथली पेट्रोलची बारीक भोके, बुजवतो. टाकी पूर्ण रिकामी करून, शक्य तर खाली उतरवून आतून पाहिली पाहिजे. पण एक गोष्ट नीट ऐक : रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण तिच्यात वाफ असते. तिला वेल्डिंगची काडी किंवा ग्राइंडर लावण्याचा विचारही कोणी करू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत पसरते आणि शेडच्या खड्ड्यात साचून राहते; म्हणून हे काम उघड्यावर, जवळ आग विझवण्याचे यंत्र ठेवून करायचे.

पेट्रोलचे सर्व रबरी पाइप नवे घाल आणि इथेनॉल मिसळलेले इंधन सोसणारेच घाल, कारण त्या काळातले रबर इथेनॉलने मऊ पडते आणि चिरते. कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमधली, म्हणजे पेट्रोल साठणाऱ्या कप्प्यातली, पेट्रोल अडवणारी सुई चिकटून उघडी राहिली तर पेट्रोल ओसंडून तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर पडते. जुन्या गाड्यांना आग लागण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. मी चेंबर उघडून बघितला, तळाला खडीसाखरेसारखे पिवळे कण बसले होते. तुझ्या हातात बारीक काम करण्याची शिस्त आहे, ते तू माझ्यापेक्षा चांगले करशील. जेट तारेने टोकरू नकोस, भोक मोठे होते. द्रावणात भिजत ठेव आणि हवेने साफ कर.

विजेचे काम थोडक्यात सांगतो. बॅटरी जोडण्याआधी वायरिंग हाताने सगळीकडे चाचपून बघ. उंदरांनी बॉनेटखाली काय काय कुरतडले आहे ते मला चष्मा लावूनही नीट दिसत नाही. मग सर्व स्विच बंद ठेवून बॅटरीचे ऋण टोक आणि त्याची केबल यांच्यामध्ये एक 12 व्होल्टचा इंडिकेटरचा बल्ब जोड. बल्ब पेटला तर कुठेतरी वायर सांगाड्याला टेकली आहे, आणि तो विझेपर्यंत थेट जोडणी करायची नाही. ही युक्ती मला एका वयस्क मेकॅनिकने शिकवली होती.

इंजिनाला मी आधीच हात लावला आहे. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर पातळ तेल सोडले आणि दोन दिवस तसेच ठेवले. नंतर गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावला. सुरुवातीला ते हलेना, मग एक जडसर सरकणे जाणवले आणि ते पूर्ण दोन फेरे मोकळे फिरले. त्यामुळे पिस्टन धरलेले नाहीत. पुढचे तू कर : जुने तेल आणि फिल्टर बदल, कॉइलची जोडणी काढ, आणि प्लग बाहेर ठेवूनच स्टार्टरने दहा-दहा सेकंद फिरव, मध्ये पुरेशी विश्रांती देत, तेलाच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत. कोरड्या बेअरिंगवर इंजिन एकदम सुरू केले तर ते मिनिटभरात झिजते. कूलंट नवे, होज नवे, फॅनबेल्ट नवा. एअर फिल्टरच्या डब्यात आणि सायलेन्सरच्या तोंडात घरटे असेल, ते काढून टाक.

इंजिन पहिल्यांदा सुरू होईल तेव्हा गाडी पूर्ण शेडबाहेर, मोकळ्या हवेत असली पाहिजे. त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटलेली असण्याचा संभव आहे, म्हणून न्यूट्रलमध्येच सुरू कर. क्लच दाबूनही गिअर पडत नसेल तर झटके देऊन सोडवायचा प्रयत्न रस्त्यावर करू नकोस.

फेरीचे म्हणशील, तर ती रिकाम्या सपाट जागेवर, चालण्याच्या वेगाने आणि एकटीनेच. वीस पावलांवर ब्रेक, पुन्हा वीस पावलांवर ब्रेक. मग थोडा वेग वाढव, थांब, आणि उतरून प्रत्येक चाकाजवळ हाताची मागची बाजू ने. एकच चाक इतरांपेक्षा जास्त तापले असेल तर तिथला ब्रेक धरून राहतो आहे. सुमारे पन्नास किलोमीटर झाल्यावर चाकांचे नट पुन्हा आवळायचे. नोंदणीचे कागद आणि विमा हातात आल्याशिवाय फाटकाबाहेर जायचे नाही, हे वेगळे सांगायला नको.

किल्ली नेहमीच्या खणात आहे. डिस्ट्रिब्युटरमधला रोटर, म्हणजे प्रत्येक प्लगला वीज वाटणारा फिरता तुकडा, मात्र मी काढून माझ्याजवळ ठेवला आहे, आणि तो नसताना बॅटरी कितीही नवी असली तरी इंजिन पेटणार नाही. तुझ्यावर विश्वास नाही म्हणून मी हे केलेले नाही. त्या इंजिनाच्या आवाजाने माणसाचे काय होते ते मला ठाऊक आहे, म्हणून केले आहे. तू ये, आपण मिळून चारही ड्रम उघडू, तू पेडलवर पाय ठेव, मी खुर्चीत बसून मिनिट मोजतो. पेडल जागेवर राहिले की रोटर तुझ्या हातात देईन.

येताना डॉट ४ चे सीलबंद दोन डबे आण.

तुझा,
बाबा