तक्रार: डोलकाठी उभारण्याच्या किटमधील दोष आणि चुकीचे माहितीपत्रक

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

स. न. वि. वि.

ट्रेलरवरून नेता येणाऱ्या आमच्या २२ फुटी शिडाच्या होडीसाठी आम्ही तिघा सहमालकांनी आपले डोलकाठी उभारण्या-उतरवण्याचे किट घेतले. बिलाची प्रत, फोटो आणि मोजमापे जोडली आहेत. जाहिरातीत हे किट ‘१८ ते २४ फुटी कोणत्याही होडीला बसते’ असे म्हटले आहे. आमच्या होडीला ते बसले, पण डोलकाठी सुरक्षितपणे खाली आणू शकले नाही. क्षितिजापासून साधारण ३० अंशांवर असताना काठी डावीकडे कलली, बिजागरीचे कान वाकले आणि डाव्या श्राउडच्या (काठीला बाजूने धरणाऱ्या तारेच्या) टर्नबकलचा, म्हणजे तार ताणायच्या स्क्रूचा, आटे असलेला दांडाही वाकला. कोणाला इजा झाली नाही.

आपल्या दुरुस्ती विभागाने फोनवर ‘वापरण्यात चूक झाली’ असे सांगितले. म्हणून कारण आकड्यांत मांडत आहोत.

आमची काठी ७.६ मीटर लांब आहे आणि तारांसकट २४ किलो भरते. बिजागरीची पिन, म्हणजे काठी ज्यावर फिरते तो अक्ष, बाजूच्या चेनप्लेटपेक्षा (होडीच्या कडेला तारा अडकवायच्या पट्टीपेक्षा) १४ सेंटिमीटर उंच आहे. आपल्या माहितीपत्रकाप्रमाणे दोन्ही बेबी-स्टे (काठी उभारता-उतरवताना तिला बाजूने धरणारे दोर) काठीवर पिनपासून २.४ मीटरवर आणि खाली थेट चेनप्लेटला, म्हणजे मध्यरेषेपासून १ मीटरवर, बांधायचे. काठी उभी असताना असा दोर २७३ सेंटिमीटर लागतो, आडवी झाल्यावर २६० पुरतो. म्हणजे काठी खाली येता येता दोन्ही बाजूंचे दोर १३ सेंटिमीटर सैल पडतात. तेवढ्या ढिलाईत काठीचे टोक ३० अंशांवर अर्धा मीटर आणि आडवे होताना एक मीटरहून जास्त बाजूला जाऊ शकते. काठी खाली असताना दोर ताणून बांधावेत, तर काठी वर जाताना एकतर दोर तुटेल नाहीतर आयबोल्ट उपटेल.

‘बेबी-स्टे आणखी वर बांधून पाहा’ हा आपल्या माणसाचा सल्ला ऐकायला बरा वाटतो, पण त्याने काहीच साधत नाही. दोर काठीवर कुठेही बांधला तरी टोक बाजूला तेवढेच जाते, कारण ते त्या १४ सेंटिमीटरवर अवलंबून आहे. उपाय एकच. दोराचे खालचे टोक पिनच्या अक्षाच्या रेषेत आले पाहिजे, उंचीनेही आणि पुढे-मागेही. त्यासाठी प्रत्येक बाजूला दोन पायांचा ब्रायडल लागतो. एक पाय पुढच्या चेनप्लेटला, दुसरा मागच्या, आणि दोन्ही जिथे मिळतात तिथे रिंग, बरोबर पिनच्या पातळीत. मग काठी कोणत्याही कोनात असली तरी दोराची लांबी बदलत नाही. ही युक्ती काही नवी नाही, ट्रेलर-होड्या वापरणाऱ्यांत ती जुनी आणि सर्वांच्या माहितीची आहे. किटमध्ये ब्रायडल नाही, रिंगही नाही.

जिन-पोलचेही, म्हणजे काठी उचलायला तरफेसारखा लावायच्या दांड्याचेही, तेच. पोलला बाजूने धरणारे दोर किटमध्ये दिलेलेच नाहीत. काठी उभी असते तेव्हा पोल पुढे आडवा असतो, ती खाली येते तसा तो उभा होत जातो, आणि भार सर्वात जास्त असतो नेमके तेव्हाच तो कोणत्याही बाजूला लवंडायला मोकळा होतो. शिवाय जाहिरातीत १.८ मीटरचा पोल होता, हाती आला १.२ मीटरचा. काठीचा गुरुत्वमध्य पिनपासून ३.६ मीटरवर आणि पोलचा दोर नाळेकडे (होडीच्या पुढच्या टोकाकडे) जातो तो बिंदू २.४ मीटरवर धरला तर काठी आडवी असताना नाळेकडच्या दोरावर १.८ मीटरच्या पोलने सुमारे ६० किलो भार येतो, १.२ च्या पोलने ८० किलो. घर्षण वेगळेच.

हा भार धरायला आपण दिलेली विंच म्हणजे ट्रेलरवर होडी ओढायची साधी खटक्याची विंच. वर ओढताना खटका भार धरतो. उतरवताना तोच उचलावा लागतो आणि सगळा भार हँडलवर, म्हणजे माणसाच्या मनगटावर येतो. हात सुटला की हँडल गरगरते. इथे ब्रेकची विंच हवी. तिचीही एक खोड आहे: ती दोर सोडायला थोडा भार मागते, म्हणून काठी उभी असताना सुरुवातीला एकाने ती मागे रेटावी लागते. हे माहितीपत्रकात नसेल तर विंच अडकली समजून ग्राहक ब्रेकच सैल करून ठेवेल.

पिनांबद्दल. जाहिरातीत ३१६ दर्जाचे स्टेनलेस लिहिले आहे. खाडीच्या पाण्यात सहा आठवड्यांतच पिनांवर तांबूस डाग आणि बारीक खड्डे आले. ‘चुंबक चिकटत नाही म्हणजे ३१६’ हे आपल्या प्रतिनिधीचे म्हणणे चूक आहे. ३०४ या दुसऱ्या दर्जाच्या स्टेनलेसलाही चुंबक सहसा चिकटत नाही, फरक ३१६ मधल्या मॉलिब्डेनम धातूचा आहे. शिवाय बिजागरीचे भोक ८ मिलिमीटरचे आणि पिन ६ ची, त्यामुळे कडेला पडणारा झटका कानांवर येतो.

टर्नबकलखाली टॉगल, म्हणजे त्याला मोकळे वळू देणारा सांधा, नाही. काठी खाली झुकताना टर्नबकल चेनप्लेटला अडून आडवा वळतो आणि आट्यांजवळ वाकतो. असा दांडा सरळ करून पुन्हा वापरायचा नसतो, पण माहितीपत्रकात ‘हलके ठोकून सरळ करावा’ असे छापले आहे. हे वाक्य तरी आजच काढा. त्याच पानावर वरच्या विजेच्या तारांचा उल्लेखही नाही, आणि काठी ॲल्युमिनियमची आहे.

आमची मागणी: दोन्ही बाजूंचे ब्रायडल आणि रिंगा, पोलसाठी वेगळे ब्रायडल, १.८ मीटरचा पोल, ब्रेकची विंच, ३१६ च्या ८ मिलिमीटर पिना, टॉगलसह नवे टर्नबकल आणि वाकलेल्या बिजागरीची भरपाई. हे जमत नसेल तर पूर्ण रक्कम परत. दुरुस्त माहितीपत्रक मात्र दोन्ही बाबतीत हवे, आणि ते याआधी किट घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला जायला हवे. नारळी पौर्णिमा झाली की होड्या पुन्हा पाण्यात उतरतील, त्याआधी.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावे. न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८४ नुसार वापराच्या पुरेशा सूचना न देणे हीदेखील उत्पादकाची जबाबदारी ठरते.

वाकलेला टर्नबकल आणि गंजलेल्या पिना आम्ही जपून ठेवल्या आहेत. आपला तंत्रज्ञ पाहायला येणार असेल तर दोन दिवस आधी कळवावे. येताना लेव्हल आणि मोजपट्टी आणावी.

आपले,
होडीचे तीन सहमालक

सोबत: बिलाची प्रत, आठ फोटो, मोजमापांचा तक्ता