तळहाताला चिकटलेला मासा

पुणे, ३ मे

प्रिय सुध्या,

गणपतीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दलच्या शिव्या आधी घालून घे. व्हॉट्सॲपवर सुरुवात केली होती, तीनदा खोडली. ही गोष्ट अंगठ्याने लिहायची नाही. तब्येत ठीक. साखर होती तिथेच आहे.

तर मासे. दिवाळीत हॉलमध्ये तीन फुटी टाकी आली तेव्हा ‘आता गोल्डफिश पाळ आणि रिटायर हो’ म्हणाला होतास. गोल्डफिश नाहीत. सहा सेवेलिया लिनिओलाटा आहेत. मध्य व्हिएतनाममध्ये डोंगरातून समुद्राकडे धावत सुटणाऱ्या नद्यांतला मासा. दुकानदार त्याला टायगर हिलस्ट्रीम लोच म्हणतो. बोटाएवढा, चपलेखाली सापडल्यासारखा चपटा, पिवळट अंगावर काळ्या रेघा. छातीचे आणि पोटाचे पर असे पसरलेले की अख्खा मासाच चकती होतो आणि धारेत दगडाला धरून बसतो. खाणं म्हणजे दगडावरचं शेवाळ आणि त्यातले बारीक जीव. त्यासाठी मी गच्चीवर परातीत पाणी घालून गोटे उन्हात ठेवतो. हिरवे झाले की टाकीत, चाटून स्वच्छ झालेले परत परातीत. शेजारी तुझ्या वहिनीच्या कुरडया. परातींची अदलाबदल एकदाच झाली, त्यावर मी बोलणार नाही.

यांना पाणी लागतं २० ते २४ अंशांचं आणि सतत पळतं. मी राहतो चौथ्या मजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीला. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात टाकीत २९. नुसत्या उष्म्याचं एवढं नाही रे. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. म्हणजे गरमीने माशाला जास्त लागायला लागतो, नेमका तेव्हाच पाण्यातला कमी होतो. डोंगरातल्या खळाळात वाढलेल्याला ते कसं झेपणार? काच काढून जाळी टाकली, त्यावर टेबलफॅन तिरका लावला. पाणी उडून दोन-अडीच अंश उतरतात, पण रोज चार-पाच लिटर भरावं लागतं, तेही आदल्या दिवशी काढून क्लोरीन उडवलेलं. बर्फाची बाटली सोडली की पारा झोके घेतो, ते आणखी वाईट. पाणी गार करणारा चिलर फ्रिजच्या किमतीचा. तो शब्द घरात काढायची सोय नाही. ऑफिसात बसून मी पाण्याचं तापमान आठवत असतो. साहेबांना वाटतं मी रिपोर्टचा विचार करतोय.

देऊन टाकावेत कुणाला तरी, असं ठरवलंच होतं. तेवढ्यात १० तारखेला गोट्यांच्या फटीत जिऱ्याएवढं काहीतरी सरकलं. मला वाटलं घाण. भिंग आणलं (बाबांचं, स्टॅम्पांचं). पिल्लू होतं! दुसऱ्या दिवशी आणखी एक. रेतीत अंडी घातली कधी, फुटली कधी, मला पत्ता नाही. आता टाकी कशी देऊ? दोन्ही पंपाच्या तोंडाशी, जिथे धार सगळ्यात जोरात, तिथेच चिकटून असतात.

आणि २७ तारखेच्या रात्री दीडला वीज गेली. पंप बंद, पंखा बंद, पाणी थांबलं. अर्ध्या तासात सगळे वर, काचेला पाण्याच्या रेषेपाशी. मी अंघोळीचा मग घेतला आणि टाकीतलं पाणी उपसून उंचावरून परत टाकीत ओतायला लागलो. हवा मिसळायला दुसरं काय करणार? सव्वादोनला तुझी वहिनी टॉर्च घेऊन आली, पाहत राहिली आणि म्हणाली, ‘नमकं-चमकं म्हणू का मी?’ अभिषेक पावणेचारपर्यंत चालला. एक गेला. पाच आणि दोन्ही पिल्लं आहेत.

पण पत्र त्यासाठी नाही. त्या रात्री एक मासा पाण्याबाहेर वीतभर काच चढून गेला होता. हात ओला करून मी त्याला अलगद तळव्यावर घेतला आणि टाकीवर हात पालथा केला, पडेल म्हणून. पडला नाही. माझ्या पालथ्या तळहाताला उलटा लटकून राहिला, सुध्या. इवलीशी ओली चकती, थंडगार, कल्ले हलतायत तेवढे कळतात.

सहावीतली मे महिन्याची सुट्टी, तुझ्या मामाच्या गावाखालचा नीरेचा खळाळ. तू ओरडत आलास, ‘मासा हाताला चिकटतो, पडत नाही!’ आणि मी सगळ्यांसमोर तुला खोटारडा म्हणालो. मी सांगितलं, तो मिशाळ मासा, दगडाखालचा, तो कुठला चिकटतोय. (मिशाळाला शास्त्रीय नाव आहे: इंडोरिओनेक्टिस एव्हझार्डी. त्यातलं ‘एव्हझार्डी’ मत्स्यतज्ज्ञ फ्रान्सिस डेने १८७२ मध्ये पुण्याच्याच माशांवरून दिलेलं.) पण चिकटणारा वेगळा असतो. बालिटोरा लॅटिकॉडा, कृष्णेच्या खोऱ्यातला, त्याला नाव मिळालं थेट २०१२ साली. नीरा भीमेला मिळते, भीमा कृष्णेला. तुझ्या हातावर होता तो तोच, असं शपथेवर नाही सांगत. तो खळाळ देवघर धरणाच्या पाण्याखाली गेला, तिथे आता चिकटायला धारच नाही. पण तू खोटं बोलत नव्हतास. पस्तीस वर्षं मी प्रत्येक लग्नात ती गोष्ट तुझ्यावर हसत सांगितली. तुझ्या सासऱ्यांसमोरसुद्धा.

काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं असं मन्याकडून कळलं, फोन करायला हवा होता. चिरंजीवांचा बारावीचा निकाल कळव. नाशिकचं घर रंगवलंस का?

आता धंद्याचं बोल. १५० एएचच्या बॅटरीवर ३० वॉटचा पंप किती तास ओढेल? हिशोबाने चाळीसच्या वर येतात, पण जुन्या बॅटरीचं तूच सांगू शकतोस. तुझ्या गोदामात परत आलेला एखादा इन्व्हर्टर पडला असेल तर पाठव, पैसे देईन. मित्राचा भाव लावू नकोस, मागच्या वेळी महागात पडला होता.

तुझा,
विन्या

ता. क. आत्ता पाहिलं, २७.८. दोन्ही पिल्लं पंपाशी. आणि सहावीतले नीरेचे ते मासे हॉर्लिक्सच्या बाटलीत रात्रीतून मेले, तिचं झाकण मी नव्हतं लावलं. ते अजूनही मान्य नाही.