डावा कान भिंतीकडे

चि. ओंकार यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर "एका कानाने ऐकणाऱ्याने कसली नटगिरी करायची" असं मी बोलून गेले आणि तू फोन ठेवलास. ते बोलायला नको होतं. बाबा म्हणाले, आता लिहूनच कळव, बोलताना तुझा तोल जातो. म्हणून लिहायला बसले. कानाचा विषय काढायचा नाही, एम. एमेट वॉल्श या अमेरिकन नटाबद्दल लिहायचं, असं ठरवलं आहे. पण त्याची गोष्टही कानापासूनच सुरू होते.

२२ मार्च १९३५ चा जन्म, न्यूयॉर्क राज्यातल्या ऑग्डन्सबर्गचा. वाढला व्हर्माँटमधल्या स्वाँटनला, कॅनडाच्या सरहद्दीजवळ. वडील कस्टममध्ये. तीन वर्षांचा असताना त्याच्या कानामागच्या हाडाचं, मास्टॉइडचं, ऑपरेशन झालं आणि डावा कान कायमचा गेला. तेव्हा पेनिसिलिन मिळायला लागलं नव्हतं. मधल्या कानातला पू मागच्या सच्छिद्र हाडात उतरला की तिथून मेंदूच्या आवरणापर्यंत पोचायचा धोका असे, म्हणून डॉक्टर ते हाडच कोरून काढत. मूल वाचलं, याच आनंदात ते घर असेल. तुझं तसं नव्हतं. गालगुंडाने तुझ्या आतल्या कानालाच इजा झाली. पू नाही, ठणका नाही, वरून काहीच दिसत नाही. तू फोन नेहमी उजव्याच कानाला लावतोस, हे माईआत्याच्या लक्षात आलं. माझ्या नाही आलं. असो.

वॉल्शने क्लार्कसन कॉलेजातून १९५८ मध्ये बिझनेसची पदवी घेतली. नोकरी धरायची सोडून न्यूयॉर्कला गेला, अमेरिकन अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट्समध्ये शिकला आणि पुढची दहा वर्षं नाटकांत काढली. १९६९ मध्ये तो अल पचिनोबरोबर ब्रॉडवेच्या रंगमंचावर होता, आणि त्याच वर्षी 'ॲलिसेज रेस्टॉरंट'मध्ये पडद्यावर आला. वय चौतीस. तुझंही तेच. भूमिका किती? सैन्यभरतीच्या कचेरीतला एक सार्जंट, जो भराभरा काहीतरी सांगत सुटतो आणि समोरच्यांना एक अक्षर कळत नाही. एवढीच. पण ते बोलणं नुसतं तोंडातल्या तोंडात पुटपुटून होत नाही. जबड्याची लय, श्वास कुठे घ्यायचा, कुठल्या शब्दावर जोर द्यायचा, हे सगळं बसवलेलं असेल तरच ते सार्जंटचं बोलणं वाटतं. छोट्या कामात नटाला एवढीच जागा मिळते आणि तिच्यात तो माणूस उभा करावा लागतो.

मग जवळजवळ दहा वर्षं पोलीस, शिपाई, साहेब, शेजारी. तुला मी 'स्ट्रेट टाइम' परत बघायला सांगेन, १९७८ चा. त्यात तो पॅरोल ऑफिसर, म्हणजे सुटलेल्या कैद्यावर देखरेख ठेवणारा अधिकारी, आहे, डस्टिन हॉफमन नुकताच तुरुंगातून सुटलेला. वॉल्श आवाज चढवत नाही. घरचा काका बोलावा तसा हसून, आपुलकीने बोलतो, आणि त्या आपुलकीचीच भीती वाटते, कारण समोरच्याला परत आत टाकायचं की नाही हे त्याच्या हातात आहे. पुढे हॉफमन त्याला हमरस्त्याच्या मधल्या कुंपणाला बेडीने अडकवतो, पँट खाली ओढतो आणि गाडी घेऊन निघून जातो. इतका वेळ सत्ता गाजवणारा तो जाडा माणूस उघडा पडतो, तेव्हा त्याचीही दया येते. दोन्ही भाव एकाच माणसाबद्दल वाटायला लावणं, याला मी नटाचं काम म्हणते.

ते काम बघूनच कोएन या दिग्दर्शक भावांनी 'ब्लड सिंपल'मधला खासगी गुप्तहेर त्याच्यासाठी लिहिला. त्यांचा तो पहिलाच सिनेमा, हाताशी पैसे थोडे. टेक्सासचा उकाडा, अंगात फिकट पिवळा सूट, कपाळावर घाम, आणि हा स्वतःच्याच बोलण्यावर हसतो आहे. शेवटी तो बेसिनखाली पडलेला आहे आणि वर नळीच्या तळाशी जमत चाललेल्या पाण्याच्या थेंबाकडे बघतो आहे. तोंडात शब्द नाही. थेंब फुगत जातो तसा त्याचा चेहरा बदलतो. तिथे कान लागत नाही बघ, डोळेच लागतात. स्वतंत्रपणे काढलेल्या सिनेमांसाठीचे इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्कार १९८६ मध्ये सुरू झाले आणि प्रमुख अभिनेत्याचा पहिलाच पुरस्कार त्याला या भूमिकेसाठी मिळाला. वयाच्या पन्नाशीत. तरी त्यानंतरच्या वर्षी 'रेझिंग ॲरिझोना'त त्याच कोएन भावांसाठी तो कारखान्यात शेजारी उभं राहून नायकाचे कान किटवणाऱ्या कामगाराच्या दोन मिनिटांच्या भूमिकेला उभा राहिला. भूमिकेला नावसुद्धा नाही.

रॉजर एबर्ट या समीक्षकाने तर नियमच करून ठेवला होता: ज्या सिनेमात हॅरी डीन स्टँटन किंवा एमेट वॉल्श दुय्यम भूमिकेत आहे, तो सिनेमा पूर्ण वाईट असूच शकत नाही. १९९९ मध्ये 'वाइल्ड वाइल्ड वेस्ट'ने हा नियम मोडला, असंही त्यानेच लिहिलं. त्यात वॉल्श आगगाडीचा ड्रायव्हर होता. सिनेमा पडला म्हणून कोणी त्याला बोल लावला नाही. नायकाला ही सोय नसते.

आता तुझं काम. दोन दिवसांचं आहे म्हणालास, पोलीस ठाण्यातलं, आणि त्यात गोळीबार आहे. ओंकार, गोळी खोटी असली तरी आवाज खरा असतो. बंद खोलीत ब्लँक, म्हणजे गोळीशिवायचं काडतूस, उडालं की आवाज १४० डेसिबलच्या वर जाऊ शकतो, आणि तेवढ्याला एक क्षण पुरतो. दोन कानांच्या माणसाचा एक कान गेला तर एक उरतो. तुझा उजवा गेला तर काही उरत नाही. कानात फोमचं बोंडूक, म्हणजे इअरप्लग, घाल. ते आधी बोटांत वळून दोऱ्यासारखं बारीक करायचं, डावा हात डोक्यावरून नेऊन उजवा कान वर आणि मागे ओढायचा, बोंडूक आत सरकवायचं आणि ते फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने दाबून धरायचं. लोक इथेच चुकतात: लगेच बोट काढतात, ते अर्धवट बाहेर येतं आणि पाकिटावर लिहिलेल्या आकड्याच्या निम्मंही संरक्षण मिळत नाही. आरशात समोरून बघताना बोंडूक बाहेर आलेलं दिसलं तर ते नीट बसलेलं नाही. आणि ते घातल्यावर तुला जवळजवळ काहीच ऐकू येणार नाही, तेव्हा क्यू, म्हणजे सुरू करायचा इशारा, हाताने द्यायला सांग. पहिल्या सहायक दिग्दर्शकाला हे तालमीच्या आधी सांगायचं. टेक चुकल्यावर सांगितलं तर ती सबब वाटते.

संहितेच्या वाचनाला टेबलाच्या डाव्या टोकाची खुर्ची धर. डावा कान भिंतीकडे, माणसं सगळी उजवीकडे. आवाज डावीकडून आला आणि डोकं मध्ये आलं की स, श, फ, थ हे बारीक आवाज आधी गळतात. शब्द ऐकू येतो पण कुठला ते कळत नाही, आणि तू हसून मान डोलावतोस. ते हसणं मी ओळखते. कॅमेराही ओळखेल. मान वळवून ऐकायची सवय असते ती पडद्यावर संशय घेतल्यासारखी दिसते. दिग्दर्शकाला तसं हवं असेल तर ठीक, नाहीतर सगळं अंग थोडं वळवून उभा राहा. डावीकडचा आवाज उजव्या कानात आणून सोडणारं यंत्र लावणार असशील तर ते त्या प्रसंगाच्या प्रत्येक शॉटमध्ये लाव, नाहीतर एकातही नको. एका शॉटमध्ये दिसलं आणि पुढच्यात नाही, तर संकलनात तो तुकडा वापरता येत नाही.

हे सगळं तुला माहीत असणार. मी पुन्हा शिकवायला लागले. रागावू नकोस.

पैशांचं एकदाच बोलते. तिकडच्या, अमेरिकेतल्या नटांच्या युनियनचा आरोग्य विमा मिळायला २०२३ मध्ये वर्षाला २६,४७० डॉलरची कमाई लागत होती, आणि त्या वर्षी नटांचा संप सुरू झाला तेव्हा दिवसाच्या कामाचा किमान दर १,०८२ डॉलर होता. भागाकार कर: वर्षात पंचवीस दिवसांचं काम. पंचवीस दिवस ऐकायला थोडे वाटतात, पण बहुतेक सभासदांना तेवढेही मिळत नाहीत. तो संप ११८ दिवस चालला. आकडे दरवर्षी वाढतात, तू आजचे बघून घे. तुझे दोन दिवस झाले की तेवीस उरतात. तोवर विमा स्वतःचा काढ, आणि त्यात कानाची वार्षिक तपासणी आहे का ते वाचून सही कर. पाहिलंस, आले मी परत तिथेच.

'नाइव्ह्ज आउट' २०१९ चा. त्यात तो म्हातारा पहारेकरी आहे, चौऱ्याऐंशीच्या घरात आलेला. तो गेल्यावर दिग्दर्शक रायन जॉन्सनने सांगितलं की सेटवर येताना त्याच्याकडे दोन वस्तू होत्या. एक म्हणजे त्याच्या कामांची यादी, बारीक टायपात, दोन रकान्यांत, पानभर. दुसरी म्हणजे दोन डॉलरच्या नोटा. त्या त्याने सगळ्या तंत्रज्ञांना वाटल्या आणि सांगितलं, ही खर्च करू नका, म्हणजे कधी खिसा रिकामा राहायचा नाही. आपण पाकिटावर एक रुपया चिकटवतो तसंच की हे. जुनं पाकीट उघडलं तर तुझ्या मुंजीतले ते रुपये अजून आहेत, बाबांनी मोडू दिले नाहीत.

११९ सिनेमे आणि अडीचशेहून जास्त टीव्हीची कामं करून तो १९ मार्च २०२४ ला गेला, एकोणनव्वदावा वाढदिवस तीन दिवसांवर असताना. सेंट अल्बान्समध्ये, म्हणजे स्वाँटनच्या शेजारीच. शेवटी घराजवळ आला होता.

तुझा १९९८ चा ऑडिओग्राम, म्हणजे कानाच्या तपासणीचा आलेख, या पाकिटात आहे. उजव्याची रेघ वर सरळ आहे, डावीकडे नुसते खाली बाण. तिथल्या डॉक्टरांना नवीन तपासणी करायला सांग आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून बघायला लाव. मोठ्या आवाजाने झालेली इजा बहुधा चार हजार हर्ट्‌झपाशी आधी दिसते; उजव्याची रेघ तिथे खाली आलेली दिसली तर मला त्याच दिवशी कळव. आधी फोटो काढून ठेव, घडीवर कागद फाटायला आला आहे. बोंडुकांचा डबाही कुरिअरमध्ये टाकला आहे, शूटिंगच्या आधी पोचेल. पोचला की सांग.

तुझी,
आई