आधी रबर, मग रंग

नाशिक
जून, पहिला आठवडा

प्रिय सुध्या,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि सोबतचे फोटो मिळाले. १९७४ ची फोक्सवॅगन टी-टू कॅम्पर व्हॅन, वर उघडणारं वेस्टफालिया कंपनीचं छत, आत छोटा ओटा आणि घडीचा बिछाना. घेतलीस शेवटी! कॉलेजात असल्यापासून ही गाडी तुझ्या डोक्यात होती, आणि मिळाली ती जर्मनीत हॅनोवरमध्ये, जिथे १९५६ पासून या गाड्या बनत आल्या. फार आनंद झाला रे. तुझी वहिनी तर फोटो शेजारीपाजारी दाखवून आली.

पण तुझा बेत वाचून मात्र काळजी वाटली. पडदे, गाद्या, नवा रंग आणि ऑगस्टमध्ये थेट आल्प्स. हा क्रम बदल. माझ्या जुन्या मॅटाडोर व्हॅनने मला एवढं शिकवलंय की जुन्या गाडीचं इंजिन सहसा वाटेत सोडून जात नाही, त्याच्याभोवतीचं चार पैशांचं रबर सोडतं. म्हणून आधी रबर बघ, मग रंग.

सुरुवात पेट्रोलच्या नळीपासून कर, आजच. इंजिन थंड असताना मागचं झाकण उघड. पंपापासून कार्बोरेटरकडे जाणारी नळी दोन बोटांत धरून वाकव. सरळ असताना ती धडधाकट दिसते, पण वाकवली की वरच्या विणीखाली बारीक भेगा उघडतात. हात लावून मग बोटं हुंगून बघ, पेट्रोलचा वास आला तर पुढे काही तपासायची गरज नाही. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या सगळ्या नळ्या एकदम बदल, क्लिपांसकट. टाकीजवळचे तुकडे हात पोचत नाही म्हणून लोक सोडून देतात, आणि नेमके तेच सर्वांत जुने असतात. तुमच्याकडच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला खातं. नवी नळी इथेनॉल चालेल अशीच माग. कार्बोरेटरच्या तोंडाशी पितळी नळकांडं दाबून बसवलेलं असतं, ते हलवून बघ. तेही सैल होऊन निसटतं. यात हयगय नको, कारण या इंजिनाचं केसिंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं आहे आणि ते एकदा पेटलं की विझवणं फार अवघड, पाणी तर मुळीच चालत नाही. आग विझवायचा सिलिंडर ड्रायव्हरच्या हाताशी ठेव, मागे नको.

मग थंडाव्याचं. तुझ्या गाडीला रेडिएटर नाही, सगळी भिस्त हवेवर. मागचा पट्टा पंखा फिरवतो आणि चार्जिंगही करतो. म्हणून चालवताना चार्जिंगचा लाल दिवा लागला की गाडी तिथेच बाजूला घे. ‘पुढच्या पंपापर्यंत जाऊ’ हा विचार करायचाच नाही. पट्टा तुटला असेल तर पंखाही थांबलाय आणि इंजिन काही मिनिटांत भाजून निघेल. अंगठ्याने दाबल्यावर पट्टा साधारण १५ मिलिमीटर दबावा. एक जास्तीचा पट्टा आणि तो बसवायचं पान्याचं सामान कायम गाडीत हवं. तुझ्या मॉडेलला ऑइल कूलर, म्हणजे इंजिन ऑइल थंड करणारा भाग, बाजूला सरकवलेला असायला हवा. १९७१ पूर्वीच्या इंजिनात तो तिसऱ्या सिलिंडरच्या हवेच्या वाटेतच असायचा आणि ते सिलिंडर जास्त तापायचं. पण पन्नास वर्षांत कुणी जुनं इंजिन बसवलं असेल, तर बघून घेतलेलं बरं. आणि इंजिनाच्या कडेने जी रबराची, फोमची पट्टी असते, ती शोभेची नाही. ती गेली की खालची तापलेली हवा वर येते आणि पंखा तीच परत ओढतो.

टॅपेट, म्हणजे वॉल्व्ह दाबणाऱ्या भागांमधली गॅप, स्वतः सेट करायला शीक. इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं, गॅप ०.१५ मिलिमीटर. फिलर गेज, म्हणजे गॅप मोजायची पातळ पाती, सरकवताना ती किंचित अडखळावी, अडकू नये. टॅपेट थोडे वाजतायत याची भीती बाळगू नकोस, अगदी गप्प झालेले टॅपेट जास्त वाईट. गॅप मिटली की एक्झॉस्टचा वॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो. ऑइल अडीच लिटर लागतं. या इंजिनाला ऑइल फिल्टर नाही, खाली नुसती जाळी आहे, म्हणून ५,००० किलोमीटरला ऑइल बदल आणि जाळी धू. जाळीवर चमकणारे कण दिसले तर मला लगेच कळव.

आमच्या मॅटाडोरला यातलं निम्मं लागू नाही. गंमत म्हणजे हांबुर्गच्या टेम्पो कंपनीच्या १९४९ च्या पहिल्या मॅटाडोरला फोक्सवॅगनचंच इंजिन होतं. आपल्याकडे आकुर्डीला बनलेल्या माझ्या गाडीत मात्र मर्सिडीजचं ओएम ६१६ डिझेल इंजिन आहे, पाण्याने थंड होणारं. गेल्या उन्हाळ्यात कसाऱ्याचा घाट चढताना ती ऐन वळणावर धडधडून बंद पडली. मागे ट्रकची रांग. कारण काय, तर डिझेलच्या नळीला केसाएवढी चीर, तिथून हवा शिरत होती. तेवढा तुकडा कापून नळी परत क्लिपने आवळली, आतली हवा निघावी म्हणून फिल्टरवरचा स्क्रू सैल केला आणि हातपंप मारत राहिलो. आधी नुसता फेस, मग फसफसत बुडबुडे, मग एकसंध धार. स्क्रू आवळला, हीटर प्लग तापू दिले आणि सेल्फ मारला. इगतपुरीपर्यंत पुन्हा कुरबुर नाही. इंजिनाचं कामच नव्हतं ते.

ब्रेकच्या रबरी नळ्यांचं दुखणं आणखी छुपं असतं. त्या बाहेरून चांगल्या आणि आतून फुगलेल्या असतात. पेडल सोडल्यावरही एखादं चाक धरून राहत असेल, प्रवासानंतर एकच चाक जास्त गरम लागत असेल, तर नळी बदल. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी नवं घाल, ते हवेतलं पाणी शोषतं आणि उतारावर ते पाणी उकळून पेडल तळाला जातं. सप्तशृंगी गडावरून नांदुरीच्या घाटात उतरताना मी ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरतो. आल्प्समध्ये हेच कर. मागच्या ॲक्सलला चार जॉइंट आहेत, त्यांचे रबरी बूट फाटलेत का तेही बघ; ग्रीस उडून गेलं आणि धूळ शिरली की जॉइंट संपला. टायरवर चार आकड्यांची तारीख असते, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी कितीही चांगली दिसो, टायर दहा वर्षांचे असतील तर टाकून दे.

आता गंज. इथे त्र्यंबक-इगतपुरीच्या पावसात गाडी चार महिने ओली असते, तुमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ. पुढच्या काचेच्या रबराखालचे कोपरे, छताची पन्हाळी, चाकांच्या कमानी, दाराखालचा पत्रा आणि बॅटरीखालची ताटली, एवढ्या जागा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक, भद्द आला तर पत्रा आतून गेलाय. आतली लाकडी कपाटं एकदा पूर्ण सोडवून बाहेर काढ. त्यांच्यामागे ओल धरते आणि वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. सडका पत्रा कापून नवा जोडल्याशिवाय रंगाचा डबा उघडू नकोस. नुसत्या लांबीवर (पुटीवर) रंग चढवला तर पुढच्या हिवाळ्यात फुगे येतील आणि तुझे पैसे जातील, याचं मला खरंच वाईट वाटेल.

आल्प्स ऑगस्टला नाही जमलं तर सप्टेंबरला जा. पहिली फेरी गावाजवळ, एका मुक्कामाची कर आणि परतल्यावर गाडीखाली पुठ्ठा ठेव. सकाळी डाग कुठे पडलेत त्यावरून गळती कळेल. पुठ्ठ्याचा, बॅटरीखालच्या ताटलीचा आणि पेट्रोलच्या नळीचा फोटो पाठव. इंजिन नंबरही कळव, म्हणजे कूलरचं नक्की सांगता येईल.

तुझाच,
दिल्या