हुकूम कोणाच्या हाती?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

यजमान जाऊन आठ महिने झाले. भाचीने हट्टाने मला कोथरूडच्या एका टॅरोवाल्या, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांवरून भविष्य सांगणाऱ्या बाईंकडे नेले. अर्ध्या तासाचे दीड हजार. काढलेल्या तिसऱ्या पत्त्यावर पांढऱ्या घोड्यावर बसलेला सांगाडा! मी दचकले. बाई म्हणाल्या, हा मरणाचा नव्हे, बदलाचा पत्ता; काका म्हणताहेत, काळजी करू नकोस.

चव्वेचाळीस वर्षांत ह्यांनी असले वाक्य कधी उच्चारले नाही. 'गॅस बंद केलास का?' एवढेच.

घरी येऊन वाचले. हे 78 पत्ते पंधराव्या शतकात इटलीत खेळायलाच निघाले. भविष्य त्यांना अठराव्या शतकात फ्रान्समध्ये चिकटले. तो सांगाडा चित्रकार पामेला कोलमन स्मिथ यांच्या हातचा, 1909 सालचा, लंडनचा. आणि जोडात 21 चक्क हुकमाचे! मेंढीकोटात हुकूम दडवून ठेवणारे आमचे हे खूश झाले असते.

हसत नाही मी कोणाला. दहाव्याला ओंकारेश्वराच्या घाटावर कावळा शिवेना, तेव्हा नातवाच्या मुंजीचे वचन मीच दिले होते. पण कावळ्याने पुढची तारीख दिली नाही. बाईंनी दिली: 'काकांचं बोलणं अर्धवट राहिलंय', पाच बैठका, सवलतीत सहा हजार. शेजारच्या खुर्चीवर एक तरुण मुलगी रडत बसली होती. तिने लगेच भरले.

भाचीला वाईट वाटेल, म्हणून नाव छापू नये.

एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे